तिसरं झाकण

पहिलं हार्डबोर्डचं.
आठवड्यात फुगलं पापडासारखं,
आणि पावतीनं (पावती म्हणजे आमची मांजर,
पावतीबुकांच्या खोक्यात जन्मली म्हणून)
ते नाकानं सरकवून
एक काळी मॉली उचलली.
सकाळी ऑर्डरच्या वहीवर
चार ओले ठसे,
रजिस्टर अगदी जुळलेलं.

दुसरं दस्तगीर मुलाणीनं दिलं.
पाच एमएमची काच,
हवेच्या नळीपुरता एक कोपरा कापून.
"आता वाघ आला तरी काय करत न्हाई," म्हणाला.
वाघाचं माहीत नाही.
पावतीचा हात त्या कोपऱ्यातून
कोपरापर्यंत जायचा
आणि चहात साखर ढवळावी तसा
ढवळून बाहेर यायचा.
मासे तळाला, खड्यांत तोंड खुपसून.

पेटी दुकानात का, तेही सांगतो.
गणपती पेठेत लग्नपत्रिका छापायच्या
तर कागदाबरोबर भांडणंही मोजावी लागतात:
कुणाच्या मामाचं नाव आधी,
कुठल्या काकांना 'कै.' लावायचं राहिलं.
मासे समोर असले की माणसं हळू बोलतात.
दोन गुरामी, पाच मॉली, काच चाटणारा एक सकर.
बघत बघत गिऱ्हाईक
हजाराच्या जागी पंधराशे सांगून जातं.

तर तिसरं.
माळ्यावर एक सागवानी चौकट होती,
तिच्यावर ताणलेली नायलॉनची जाळी,
छपाईचीच.
पेटीवर ठेवली, सुताराची गरज पडली नाही.
आधी आठ दिवस हौदात भिजवली, उन्हात टाकली,
वास जाईपर्यंत. माशांना रंग बाधतो.
मजकूर मात्र गेला नाही.
पोपटी पडद्यात उघडी अक्षरं:
चि. भरतेश आणि चि. सौ. कां. मृगावती,
खाली मुहूर्त, दुपारी बारा सत्तावीस.
पाचशे छापून झाल्या होत्या.
न्यायला कोणी आलं नाही.
मीही विचारायला गेलो नाही.

वर बल्ब टांगला.
उजेड अक्षरांतून गळून
खड्यांवर पडला, सुलटा, वाचता येईल असा.
गुरामी 'भरतेश'मधून निघायची
आणि 'मृगावती'च्या वेलांटीत थांबायची.
पावती चढली.
जाळी झोळीसारखी खचली, पण टिकली.
ऊब सापडली तिला. मासे विसरली,
किंवा विसरल्याचं दाखवलं.

मार्चात एक बाई आल्या.
शिवणक्लासची शंभर कार्डं, पत्ता विश्रामबागचा.
मजकूर लिहून दिला. मी नाव वाचलं
आणि माझा हात पेटीकडं गेला,
झाकणावर काहीतरी झाकायला.
तोवर त्या वाकल्या होत्या.
बराच वेळ.
बाहेर हळदीचा टेम्पो मागं येत होता,
"येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास."
मी म्हटलं, "मांजरासाठी आहे ओ ते.
दुसरं काही नव्हतं हाताशी."
"येत नाही का आता?"
"येते की. वरती झोपते."

त्यांनी डावीकडच्या नावावर बोट ठेवलं.
तिथं पावतीच्या नखानं
दोन धागे सरकवले होते.
मला इतक्या दिवसांत दिसले नव्हते.
"इथनं पंजा जाईल," म्हणाल्या.
"हे आधी बुजवा."

बुजवणं तर आमचं रोजचं.
नको तिथं उजेड दिसला की
ब्रशनं मसाला, पंख्याखाली दहा मिनिटं.
पण हे माशांवरचं, म्हणून परत आठ दिवस हौद.
तेवढे दिवस दस्तगीरची काच,
कापल्या कोपऱ्यावर वीट.

कार्डं न्यायला आल्या तेव्हा
खड्यांवर एकच नाव होतं,
आणि त्याच्या आधी
उगाच राहून गेलेलं 'आणि'.
"बुजवायचे किती?"
"ते मांजराकडनं घेतो."
पावती उठली, पाठ ताणली,
बुजवलेल्या बाजूला जाऊन बसली.
खाली तिथं अंधार होता.
सकर काच चाटत होता.